अडीच शतके लपलेले अवयव

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये या स्वरूपाच्या मूळ संख्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत हिचाही समावेश होता. मूळ संख्या म्हणजे १ व स्वतःखेरीज अन्य कोणत्याही संख्येने निःशेष भाग न जाणारी संख्या.

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी ही संख्या मूळ नसल्याचे सिद्ध केले. मात्र तिचे अवयव अज्ञातच राहिले. संख्या विभाज्य आहे हे कळणे आणि तिचे विभाजक सापडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अखेर १९०३ मध्ये अमेरिकी गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. ६७ ही मूळ संख्या असल्याने या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला १३४ ने भागल्यास बाकी १ उरते. त्यामुळे असंख्य पर्याय आधीच बाद होतात. तरीही लहान अवयव गाठेपर्यंत अशा चौदा लाखांहून अधिक संख्या वाटेत येतात.

गुणाकार पडताळणे सोपे, अवयव शोधणे मात्र दुष्कर. याच विषमतेवर १९७७ मधील आरएसए ही सांकेतिक लेखनपद्धती उभी आहे. कोल यांची संख्या आज संगणक क्षणार्धात फोडतो. म्हणूनच संगणकीय व्यवहारांच्या सुरक्षिततेसाठी या पद्धतीत सहाशेहून अधिक अंकी संख्या योजल्या जातात.