वारेचे निरोप

बाळंतपणाचा विषय निघाला की आपल्याकडे बाळाची चौकशी होते, बाळंतिणीची होते. वारेची कुणी करत नाही. ती पडली की तिचे काम संपले. पण त्याआधीचे नऊ महिने हीच वार आईच्या शरीराशी बोलत असते.

कशी, ते पाहा. वारेच्या पेशी आपल्याच आवरणाच्या सूक्ष्म पिशव्या आईच्या रक्तात सोडतात. त्यांना पुटिका म्हणू. त्यांतल्या सर्वांत लहान पुटिका म्हणजे एक्सोसोम. त्यांचा व्यास ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत शेकडो मावतील एवढा. आत प्रथिने आणि आरएनए असतात, हाच निरोप. आईच्या प्रतिकारशक्तीने बाळाला परके मानू नये, यालाही त्याचा हातभार लागतो.

वारेला रक्तपुरवठा कमी पडला, तर निरोप बदलतो. पुटिकांची संख्या वाढते, आतला ऐवजही बदलतो. आईच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडून रक्तदाब चढण्यात त्यांचा वाटा असावा, असे संशोधक मानतात. हा आजार प्रीएक्लाम्पसिया. पुटिका तपासून तो आधीच ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. नेहमीच्या तपासणीत मात्र ती सोय अजून आलेली नाही.

तोवर भरवसा रक्तदाबाच्या साध्या यंत्राचा. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असेल, डोके फार दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहरा एकाएकी सुजला असेल, तर 'गर्भारपणात असे व्हायचेच' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.