विश्लेषण : मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचे टिळक मंडालेत… थिबा राजवाडा आणि टिळक जन्मस्थान एकत्र का पाहावे?

गणपतीपुळ्याला निघालेले पर्यटक वाटेत रत्नागिरीला फार तर अर्धा दिवस देतात. थिबा राजवाड्यासमोर फोटो, टिळक आळीत पाच मिनिटे आणि मग आंबा-काजूची खरेदी. या दोन वास्तू सहलीच्या यादीत शेजारी-शेजारी असतात. त्यांच्यातला खरा दुवा मात्र समुद्रापलीकडे, मंडालेत आहे.

ब्रह्मदेशाचा राजा कोकणात कसा?

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी अवघ्या काही आठवड्यांत मंडाले घेतले आणि कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा थिबा पदच्युत झाला. त्याला आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला हलवण्यात आले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. मायदेशापासून दूर, रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद. राजाला लोकांच्या नजरेआड ठेवायला यापेक्षा सोयीचे गाव सापडणे कठीण. (रत्नागिरीत रेल्वे यायला त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे लागली.) त्याआधी १८५८ मध्ये बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला धाडले होते. पदच्युत राजाला समुद्रापार नेऊन ठेवण्याची रीत इंग्रजांसाठी नवी नव्हती.

मग राजवाडा कुणी बांधला?

इंग्रज सरकारनेच, तोही १९१० मध्ये! म्हणजे त्याआधी सुमारे २४ वर्षे राजा, राण्या आणि चार राजकन्या बंगल्यांत नजरकैदेत राहिल्या. तांबड्या विटांची ही इमारत उतरत्या छपरांची, कोरीव लाकूडकामाची आणि रंगीत काचांच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांची आहे. समोर भाट्ये खाडी आणि त्यापलीकडे अरबी समुद्र दिसतो. देखावा सुरेख आहे, पण तो कैद्याच्या खिडकीतला. थिबाला हे घर जेमतेम सहा वर्षे लाभले. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे निधन झाले.

इथल्या सरकारी वस्तुसंग्रहालयात राजवैभव शोधायला जाणाऱ्यांची निराशा होण्याचीच शक्यता अधिक. इथे खरी पाहण्याची वस्तू म्हणजे ही इमारत. मंडालेतला थिबाचा मूळ राजवाडा १९४५ मध्ये युद्धात जळाला आणि १९९०च्या दशकात नव्याने उभारला गेला. राजा गेला तेव्हाचे सिंहासनाचे घर उरले नाही, कैदेचे मात्र उरले आहे.

टिळकांचा संबंध काय?

लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. टिळक आळीतले त्यांचे कौलारू जन्मस्थान आज स्मारक म्हणून जपले आहे. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पाठवणी झाली ती मंडालेच्या तुरुंगात. हा तुरुंग मंडालेच्या किल्ल्यात होता, म्हणजे ज्या तटबंदीच्या आत थिबाचे राज्य चालत असे तिथेच. १९१०-११च्या हिवाळ्यात टिळक तिथे ‘गीतारहस्य’ लिहीत होते. त्याच सुमारास रत्नागिरीत थिबा नव्या राजवाड्यात राहायला आला होता. एकाच सत्तेने दोघांना एकमेकांच्या गावी कोंडले होते. टिळक १९१४ मध्ये सुटले. थिबा सुटला नाही.

ही जोड ठाऊक असेल तर टिळक आळीतली पाच मिनिटे पुरत नाहीत. पतितपावन मंदिरही त्याच ओघात पाहावे. १९२४ ते १९३७ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते आणि १९३१ मधले हे मंदिर भागोजीशेठ कीर यांच्या देणगीतून त्या वर्षांत उभे राहिले.

राजाची कबर इथेच का?

राणी सुपयालतला राजाचे शव मायदेशी न्यायचे होते. इंग्रजांनी परवानगी दिली नाही. अखेर १९१९ मध्ये रत्नागिरीतच दफन झाले आणि कुटुंब परतले. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीला परत आली. राजवाड्यातल्या द्वारपालापासून तिला झालेली मुलगी, टुटू, इथेच वाढली, इथेच संसाराला लागली, मराठी बोलत म्हातारी झाली. आजोबा ब्रह्मदेशाचे राजे होते, हे शेजारीपाजारी सर्वांना ठाऊक होते.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन या कबरीपाशी येऊन गेले. २०१६ मध्ये थिबाच्या शंभराव्या स्मृतिदिनाला म्यानमारहून त्याचे वंशजही आले होते. सहलीच्या गाड्या मात्र अजूनही राजवाड्यावरूनच परत फिरतात.

पाहायचे कसे?

सकाळी टिळक आळी आणि पतितपावन मंदिर, मग राजवाडा, शेवटी शहरातल्याच शिवाजीनगर भागातली कबर. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा तो दिवस टाळावा. कबरीचा रस्ता स्थानिक रिक्षावाल्याला विचारावा, ‘थिबा राजाची समाधी’ म्हटले की पुरते.