भीमगडचे अरण्य आणि तेथील माणसे

बेळगावच्या नैर्ऋत्येस, खानापूर तालुक्यात भीमगडचे अरण्य आहे. २०११ साली कर्नाटक शासनाने त्यास अभयारण्य घोषित केले. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. वाघ, बिबट्या, अस्वल व गवा येथे वास करतात. तळेवाडीनजीकच्या बारापेडे गुहेत एका दुर्मिळ वटवाघळाची वसाहत आहे. १९१३ साली शास्त्रज्ञांनी या जातीचे प्रथम वर्णन केले, आणि त्यानंतर कित्येक दशके ती जगात अन्यत्र कोठेही ठाऊक नव्हती. पुढे मेघालयात व कंबोडियातही ती आढळली. वाघासाठी पुष्कळ लोक कळवळतात, वटवाघळासाठी फारसे कोणी नाही. तथापि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघांसही स्थान आहे.

परंतु या अरण्यात माणसेही राहतात. तळेवाडी, गवाळी, कोंगळा, आमगाव ही मराठी बोलणारी लहान गावे अभयारण्याच्या घोषणेपूर्वीची आहेत. रस्ता करावयाचा तर वनखात्याची परवानगी हवी. पावसाळ्यात ओढे भरले की आजाऱ्यास खांद्यावरून न्यावे लागते. शासनाने स्वेच्छा स्थलांतरासाठी प्रत्येक कुटुंबास १५ लाख रुपये देऊ केले, आणि २०२५ साली तळेवाडीच्या २७ कुटुंबांस पहिला हप्ता दिला.

मुलांची शाळा व दवाखाना यांसाठी जे निघाले, त्यांस दोष देता येत नाही. प्रश्न ‘स्वेच्छा’ या शब्दाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आधी हक्कांची मान्यता व्हावयास हवी, आणि ग्रामसभेची संमती मुक्तपणे व पूर्ण माहितीनिशी मिळावयास हवी. रस्त्यावाचून कंटाळलेल्याचा होकार कितपत मुक्त असतो? अहाबाने नाबोथास द्राक्षमळ्याची किंमत, किंबहुना त्याहून चांगला मळा देऊ केला होता (१ राजे २१). त्या मागणीत अन्याय नव्हता. नाबोथाच्या नकारास जागा उरली नाही, तेथे अन्याय झाला.

अरण्य राखल्याचा लाभ मात्र दूरवर जातो. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा हुबळी-धारवाडची तहान भागविते. निपाणीकडे येणारी वेदगंगाही याच सह्याद्रीची लेक.

वन्य प्राण्यांस राज्यांची सीमा ठाऊक नसते. आपणां सीमावासीयांस ती नको तितकी ठाऊक आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातील हत्ती चंदगड व दोडामार्गात उतरले आणि ऊस, भात, केळी तुडवू लागले. एका राज्याने हाकललेला हत्ती दुसऱ्याच्या शेतात जातो, म्हणून येथे उपाय दोघांनी मिळूनच करावयास हवा.

दुसरा मार्गही कायद्यात आहे. महाराष्ट्राने २०२० साली तिलारी येथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. अशा क्षेत्रात रहिवाशांचे हक्क अबाधित राहतात, आणि व्यवस्थापनाच्या सल्लागार समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. भीमगडच्या गावांस अशी खुर्ची अभयारण्याच्या आतही देता येईल. गव्यांची वाट कोणती व वणवा प्रथम कोठे लागतो, हे त्या खुर्चीवर बसणारा माणूस नकाशावाचून सांगू शकेल.