पिशवीत कोणती भिंगं घ्यावीत?

खंडाळा म्हटलं की बहुतेकांना लोणावळ्याजवळचा घाट आठवतो. मी बोलतोय ते सातारा जिल्ह्यातल्या, खंबाटकीच्या पायथ्याच्या खंडाळ्याबद्दल. छायाचित्रणाची हौस असणाऱ्याला हे गाव फार सोयीचं. इथून पहाटे निघून संध्याकाळी परतता येईल अशा तीन दिशा आहेत, आणि प्रत्येक दिशेची पिशवी वेगळी. 'असू द्यावं जवळ' म्हणून चार-पाच भिंगं भरली, की तीन-चार किलोंचं ओझं होतं. दुपारनंतर खांदा बोलू लागतो आणि डोळा बघायचं विसरतो.

पहिली दिशा कास पठाराची. साताऱ्याच्या पश्चिमेला असलेलं हे पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. सप्टेंबरात तिथं सगळे वाइड लेन्स काढतात, कारण फुलांचा गालिचा दिसतो. २४ मिलिमीटरचं भिंग सुमारे ८४ अंशांचा प्रदेश टिपतं, पण त्यात पुढचं फूल मोठं दिसायला हवं तर त्याच्या अगदी जवळ जावं लागतं. मग एक पाय पायवाटेबाहेर पडतो. सीतेची आसवं, गेंद यांसारखी बोटभर उंचीची झाडं त्या पायाखाली जातात. म्हणून इथं मी १०० मिलिमीटरचं मॅक्रो सुचवतो. ५०-६० मिलिमीटरच्या मॅक्रोने फूल पूर्ण आकारात टिपायचं, तर भिंगाचं तोंड दहा सेंटिमीटरच्या आत न्यावं लागतं. १०० मिलिमीटरला साधारण पंधरा सेंटिमीटर मिळतात. तेवढ्या अंतरानं आपली सावलीही फुलावर पडत नाही. गालिचाच हवा असेल, तर पायवाटेवर उभं राहून ७०-२०० लावा. लांबचं भिंग दूरदूरची फुलं एकमेकांजवळ आणून दाखवतं, आणि पठार अधिकच दाट दिसतं.

दुसरी दिशा घाटापलीकडे वाई आणि मेणवलीची. कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. इथं विषय मोठे आणि जागा अरुंद, त्यामुळे वाइड हवंच. मात्र कॅमेरा वर उचलला की भिंती मागे झुकलेल्या दिसतात. तो सरळ धरावा आणि थोडं मागे सरावं. वाड्यातल्या भिंतीचित्रांपाशी अडचण उजेडाची. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ झूमचं ॲपर्चर लांबच्या टोकाला एफ ५.६ असतं. ५० मिलिमीटर, एफ १.८ हे साधं, हलकं भिंग त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेतं. फ्लॅशची गरज उरत नाही, आणि जुन्या रंगांवर फ्लॅश मारू नये हे उत्तमच. परवानगी मात्र आधी विचारावी.

तिसरी दिशा नीरेवरच्या वीर धरणाची. हिवाळ्यात पाणपक्षी येतात. इथं ३०० मिलिमीटरच्या खाली हात लावू नका. भिंग आखूड पडलं की माणूस पुढे सरकतो, थवा उडतो, आणि चरायला मिळालेला वेळ त्या पक्ष्यांच्या हातून जातो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० चा आवाका ४५० सारखा होतो. हातात धरून टिपताना शटर सेकंदाच्या १/५०० पेक्षा संथ ठेवू नये.

कुठंही जा, माझा हिशेब दोन भिंगांचा: एक त्या जागेचं, दुसरं हलकं आणि जास्त उजेड घेणारं. कासच्या धुक्यात किंवा धरणाकाठच्या वाऱ्यात भिंग बदललं, की ओल आणि धूळ थेट सेन्सरवर जाते. म्हणून बदलायचंच असेल तर गाडीत बसून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदलावं. मोबाइल खिशात असतोच. रुंद दृश्याचं काम त्याच्यावर सोपवायला हरकत नाही.

नवं भिंग विकत घेण्यापूर्वी एक करा. आपली जुनी शंभर छायाचित्रं संगणकावर उघडा. प्रत्येक चित्राबरोबर ते किती मिलिमीटरवर घेतलं याची नोंद असते. कोणते आकडे पुन्हापुन्हा येतात ते पाहा. जे आकडे कधीच येत नाहीत, ते भिंग घरी ठेवा. राहिलेल्या जागेत पाण्याची बाटली, प्लॅस्टिकची पिशवी आणि सुती फडकं मावतं; सह्याद्रीत त्यांची गरज हमखास पडते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)