नियमांविना वसलेली गावे

खेड्यात राहणाऱ्या माणसाला आपल्या जागेवर काय करावे आणि काय करू नये हे सांगणारा नकाशा बहुधा नसतो. शहरवासीयाला ही गोष्ट कधी हेवा करण्याजोगी वाटते, तर कधी तिचे भय वाटते. शहरात घर रस्त्यापासून किती मागे घ्यावयाचे, कोणत्या आळीत दुकान काढता येईल, कारखाना कोणत्या बाजूस असावा, हे आधी ठरलेले असते. नगररचनाकार याला झोनिंग म्हणतात. आपण भूमिवापराची विभागणी म्हणू. ही कल्पना तशी फार जुनी नाही. न्यूयॉर्क शहराने असे सर्वंकष नियम १९१६ साली केले. आपल्याकडे मुंबई इलाख्याचा पहिला नगररचना कायदा १९१५ चा. ब्रिटनने १९४७ साली शहराबरोबर खेड्यातील नव्या बांधकामालाही परवानगीच्या कक्षेत आणले. आपल्या देशात मात्र नियोजनक्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या प्रदेशाबाहेर, म्हणजे हजारो खेड्यांत, असा नकाशा पोहोचलाच नाही.

मग ही खेडी नियमांविना वसली आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथामुळे मराठी वाचकांना पांढरी आणि काळी या दोन शब्दांचा अर्थ नीट उमगला. पांढरी म्हणजे घरे जेथे बांधावयाची ती वस्तीची जमीन, आणि काळी म्हणजे पिकाची. हे दोन शब्द म्हणजेच एक विभागणी होती, आणि ती कोणा अधिकाऱ्याने कागदावर काढलेली नव्हती. पांढरीभोवती गावकूस, त्याला वेस, वेशीबाहेर खळी, पलीकडे गायरान, पाणवठे माणसांचे निराळे आणि गुरांचे निराळे, स्मशान वस्तीपासून दूर, कुंभाराची भट्टी एका कडेला, अशी ही मांडणी होती. घरे वाढली तरी काळीत शिरावयाची नाहीत, कारण पिकाची जमीन गेली तर खावयाचे काय, हा हिशेब सर्वांना समजत होता.

ही अलिखित मांडणी पाण्याच्या आधाराने कशी उभी राहते हे पाहावयाचे असेल तर रायपूरच्या पुरानी बस्तीत जावे. छत्तीसगढची राजधानी असलेल्या या शहराचा हा सर्वांत जुना भाग. मराठी माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढात उतरले, पुढे बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुराहून या मुलुखाचा कारभार पाहिला, आणि रायपुरातील तात्यापारा हे नाव अजूनही त्या संबंधाची साक्ष देते. परंतु वस्ती भोसल्यांपेक्षा जुनी आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेव या कलचुरी राजाचे नाव येथील शिलालेखात आढळते.

पुरानी बस्ती कोणी आखली नाही. ती तलावांच्या काठाने वाढत गेली. एका अंगास बूढा तालाब, ज्याला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. दुसरीकडे महाराजबंध, त्याच्याजवळ दूधाधारी मठ. आत महामायेचे देऊळ आणि जैतूसाव मठ. मोहल्ल्यांना येथे पारा म्हणतात, आणि बूढापारा, ब्राह्मणपारा, कंकालीपारा ही नावे वाचली तरी कोण कोठे राहत होते आणि कशाच्या आश्रयाने राहत होते याचा अंदाज येतो. बाजाराचे नाव टुरी हटरी. छत्तीसगढी बोलीत टुरी म्हणजे मुलगी आणि हटरी म्हणजे छोटा बाजार.

या रचनेचे मर्म तलावांत आहे. छत्तीसगढात भाताचे पीक मुख्य. पावसाचे पाणी चार महिन्यांत पडते आणि उरलेले आठ महिने ते साठवून पुरवावे लागते. म्हणून उताराची जागा पाहून पाळ घालावयाची, एका तलावाचे जास्तीचे पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्याचे शेतात सोडावयाचे, ही येथील शतकांची विद्या. घर कोठे बांधू नये हे त्या पाण्याच्या वाटेने ठरत असे. तलावाला केवळ पाण्याचा साठा मानीत नसत. त्याचा विवाह लावण्याची या भागात चाल आहे; पाण्याच्या मध्यभागी लाकडी स्तंभ उभारून हा संस्कार होतो. ज्या पाण्याचा असा संसार मांडला, ते बुजवून तेथे घर बांधावे असे सहसा कोणाच्या मनात येत नसे. श्रद्धेने येथे नियमाचे काम केले.

आपल्या विदर्भातही हेच दिसते. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील जुन्या तलावांना लोक मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार हा सरकारसाठी सारा गोळा करणारा गावचा मालक. आबादीत, म्हणजे गावठाणात, घराची जागा देणे आणि तलावाची देखरेख ठेवणे त्याच्या हाती असे. गावाच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात नोंदलेल्या असत. गुरे कोठे चरावयाची, जळण कोठून आणावयाचे, वाट कोणती, पाणी कोणाला, हे त्यात पाहावयास मिळे. या सामायिक हक्कांना तिकडे निस्तार म्हणतात.

येथवरचे वर्णन ऐकून जुनी व्यवस्था परत यावी असे कोणास वाटेल. परंतु चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याच अलिखित नकाशाने महारवाडा गावकुसाबाहेर ठेवला होता. घाण पाणी ज्या बाजूला वाहून जाई, ती बाजू अनेक गावांत त्याच वस्तीच्या वाट्याला आली. पाणवठा निराळा, वाट निराळी, स्मशानही निराळे. ही विभागणी कोणत्याही सरकारी नियमापेक्षा कडक होती आणि तिच्यावर अपील नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवाला जो कठोर विरोध केला, तो या अनुभवातून आला होता.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसा निर्णय घेतला. कागदावर तळे सर्वांचे झाले. वहिवाटीने ते बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे पाणी प्राशन केले, आणि त्यानंतर दहा वर्षे न्यायालयात वाद चालला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला. लिहिलेला नियम नसता तर वहिवाटीला आव्हान देणे कितीतरी अवघड झाले असते. आणि नियम नुसता लिहून ठेवला असता तर तळे खुले झाले नसते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आजची अडचण अशी की वहिवाट मोडली आहे आणि नियम पुरता पोहोचलेला नाही. मध्य प्रदेशात ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. ती संपावयासच हवी होती. तलाव सरकारच्या मालकीचे झाले. १९५९ च्या जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना स्थानही मिळाले. परंतु मालगुजार गेला तेव्हा तलावाची पाळ दुरुस्त करणे हे कोणा एकाचे काम राहिले नाही. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, अशी स्थिती झाली. रायपुरात नगरपालिका १८६७ सालीच आली होती. तरीही तेथील रजबंधा तलाव बुजला आणि त्याचे मैदान झाले. तलाव बुजविला म्हणजे पाणी नाहीसे होत नाही. ते आपली जुनी वाट शोधीत गल्लीत आणि घरात शिरते.

खेड्यातील रहिवाशाला या पोकळीचा त्रास निराळ्या रूपाने होतो. घराशेजारी एक दिवस वीटभट्टी पेटते. शाळेजवळ भाताची गिरणी उभी राहते आणि कोंडा वर्गात उडू लागतो. कोंबड्यांची शेड, खडी फोडण्याचे यंत्र, वाट अडविणारे कुंपण, यांतले प्रत्येक ज्याच्या त्याच्या जागेवरच असते. माझी जमीन, मी काहीही करीन, हे म्हणणे तेथवर ठीक वाटते. परंतु धूर, आवाज आणि सांडपाणी यांना सातबाराची हद्द ठाऊक नसते.

अशा वेळी माणूस अगदी निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने आणि मध्य प्रदेश व छत्तीसगढात १९९३ च्या पंचायत राज कायद्याने गावातील बांधकामावर पंचायतीला अधिकार दिला. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा अधिकार जुना आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आहे. पतियाळा जिल्ह्यातील एका गावतळ्यावरील अतिक्रमणाच्या वादात, जगपालसिंग खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सर्व राज्यांना गावाच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणे काढण्याची योजना करावयास सांगितले. परंतु हे सारे उपाय दुखणे झाल्यावरचे आहेत. वीटभट्टी पेटण्यापूर्वी तिची जागा कोठे असावी हे ठरविण्याचे काम त्यांनी होत नाही.

मग शहराचे नियम जसेच्या तसे खेड्यात न्यावेत काय? तसे केल्यास दुसरे संकट ओढवेल. खेड्यातील घर हे केवळ राहण्याचे ठिकाण नसते. तेथे ओटीवर शिवणयंत्र चालते, परसात गुरे असतात, अंगणात धान्य वाळते. निवासी विभागात व्यवसाय नको, हा शहरी नियम येथे लावला तर कुंभार, सुतार आणि शेतकरी सारेच गुन्हेगार ठरतील. नियमातून सरसकट सूट देणे हाही उपाय नव्हे. दिल्लीत १९०८ साली महसुली नकाशावर गावांच्या वस्तीभोवती तांबडी रेघ ओढली, तिला लाल डोरा म्हणतात. पुढे रेघेच्या आतील घरांना बांधकामाच्या नियमांतून सवलत मिळाली. शहर वाढत येऊन त्या गावांना भिडले तेव्हा सवलतीच्या जागेत मजल्यांवर मजले चढले आणि गल्ल्यांत उजेड उरला नाही. नुसती कागदावरची रेघही पुरत नाही. रायपूरजवळ सिलतरा आणि उरला ही औद्योगिक क्षेत्रे रीतसर आखलेली आहेत. तरी कारखान्यांची काजळी आसपासच्या खेड्यांत जाते अशी तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे.

तेव्हा पहिले काम लहान आणि स्पष्ट आहे. घर कसे बांधावे हे सांगण्याआधी, जे सर्वांचे आहे ते कोणते हे लिहून काढावे. तलाव, त्यात पाणी आणणारा ओहोळ, त्यातून जाणारा सांडवा, गायरान, गाडीवाट, खळी आणि स्मशान यांच्या हद्दी पक्क्या झाल्या की उरलेल्या जागेत माणसाला पुष्कळ मोकळीक देता येते. पांढरी व काळी यांच्या जुन्या भेदातील शहाणपण एवढेच होते. ते घ्यावे, आणि कोणी कोठे राहावे हे जन्मावरून ठरविणारा त्यातील भाग कायमचा टाकून द्यावा.

ही गोष्ट आज विशेष निकडीची आहे. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाणाची मोजणी करून पाहण्यात आली, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजनेखाली तशी मोजणी हाती घेतली. मोजणीच्या आधी मालक आणि पंचायतीचे लोक घराच्या कडेने चुन्याच्या रेघा मारतात. आकाशातून त्यांचे चित्र घेतले जाते. मग नकाशा हरकतींसाठी लोकांपुढे येतो आणि अखेरीस घरमालकाच्या हाती मिळकतीचा कागद पडतो. ज्याच्यापाशी घराचा कागदच नव्हता, त्याला याने मोठे बळ येते. गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्तीतील घराची रेघ वाड्याच्या रेघेइतकीच पक्की होते, हे लहान काम नव्हे.

परंतु आपल्या घराची रेघ मारावयास प्रत्येकजण हजर असतो. तलावाची रेघ मारावयास कोण जाणार? गल्ली हातभर आत सरकली, ओहोळावर ओटा आला, तर हरकत कोणी घ्यावयाची? नकाशावर जे येणार नाही त्यावर पुढे हक्क सांगणे कठीण होईल. मोजणीच्या वेळी ग्रामसभा भरली पाहिजे, तीत सर्व वस्त्यांतील स्त्रीपुरुष बसले पाहिजेत, आणि चुन्याची पहिली पिशवी तळ्याच्या पाळीवर रिकामी झाली पाहिजे. पुरानी बस्तीतील तलाव ज्यांनी खोदले त्यांच्यापाशी ड्रोन नव्हते. पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे मात्र त्यांना ठाऊक होते. नकाशा करणाऱ्या पिढीने एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.