जू, दांडी आणि ट्रॉली : लहान ट्रॅक्टरला भार जोडताना

ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही पुस्तिका निघते, ते आम्हांला वर्गात मराठी शिकवीत आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या वायंगणात नांगर धरीत. त्यामुळे मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने ट्रॅक्टरच्या हुकाविषयी लिहिणे त्यांना तरी अप्रस्तुत वाटले नसते. तरीही मी हा विषय का निवडला, ते प्रथम सांगितले पाहिजे.

१९८४ साली पेडणे महालातील माझ्या एका मावसभावाने घाटावरून एक जुना, लहान ट्रॅक्टर विकत आणला. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ट्रॅक्टरबरोबर एक इंग्रजी माहितीपुस्तिका आली होती. अण्णा म्हणाले, "तू एवढा शिकलेला, वाचून सांग." मी वाचले. तेल केव्हा बदलावे, पाणी किती घालावे हे सगळे नीट सांगितले. एका पानावर ठळक टाइपात लिहिले होते की भार फक्त ड्रॉबारलाच जोडावा, अन्य कोठेही नव्हे. 'ड्रॉबार' या शब्दाला मराठीत काय म्हणावे हे मला सुचेना. मी म्हणालो, "मागच्या बाजूला मजबूत जागा बघून जोडायचे, एवढेच." पुढच्या पावसाळ्यात चिखलात रुतलेली ट्रॉली ओढताना अण्णांनी साखळी 'मजबूत जागी', म्हणजे आसाच्या वर असलेल्या कड्याला अडकवली. ट्रॅक्टरचे तोंड उचलले गेले आणि तो मागे पालथा झाला. अण्णा वाचले, परंतु उजवी मांडी चेंगरली ती कायमचीच. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. मला मात्र ते पान आजही दिसते.

पुढे मला कळले, की जो शब्द मला सुचला नाही त्याच्यामागची सगळी समज अण्णांपाशी आधीपासूनच होती. ती बैलगाडीच्या भाषेत होती, इतकेच. गाडीत माल मागच्या बाजूला जास्त भरला की दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि जोते गळ्याला आवळते. याला आपल्याकडे गाडी 'उलाळ' होणे म्हणतात. उलट माल पुढे जास्त झाला तर सारा भार बैलांच्या खांद्यावर येतो आणि खांदा सुजतो. जाणता गाडीवान माल भरून झाला की दांडी हाताने उचलून पाही. ती थोडी जड लागली पाहिजे. फार जड नको आणि हलकी तर मुळीच नको. दोन चाकांच्या ट्रॉलीचा नियम याहून वेगळा नाही. फरक एवढाच, की बैल खांदा दुखला म्हणजे थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही.

आता ट्रॅक्टरचे पाहू. मागची चाके मातीत फिरतात तेव्हा माती त्यांना पुढे ढकलते आणि मागे जोडलेला भार ट्रॅक्टरला मागे खेचतो. ही खेच जमिनीपासून जितकी उंच, तितके ट्रॅक्टरचे पुढचे टोक हलके होते. हिशेब सोपा आहे. समजा, पुढच्या व मागच्या आसांत १६० सेंटिमीटर अंतर आहे आणि खेच ४०० किलोंची आहे. हुक जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर असेल तर पुढच्या चाकांवरचा १०० किलो भार कमी होतो. हुक ८० सेंटिमीटरवर नेला तर २०० किलो. शिवाय ट्रॉलीची दांडी स्वतःचा भार हुकावर टाकते. तो २५० किलो असेल आणि हुक मागच्या आसाच्या ६४ सेंटिमीटर मागे असेल तर आणखी १०० किलो गेले. सुमारे एक टन वजनाच्या लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात असतातच साडेतीनशे-चारशे किलो. त्यातून चढ असेल तर बाकी काय राहते, हे वाचकांनीच ताडावे.

दुसरी गोष्ट याहून भयंकर आहे. मागची चाके रुतून अडकली, की इंजिनाचा जोर चाके फिरवू शकत नाही. मग तो ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरवू लागतो. हुक आसाच्या खाली असेल तर तोंड उचलले जाताच हुक आणखी खाली जातो, खेचीचा तरफेसारखा जोर कमी होतो आणि ट्रॅक्टर पुष्कळदा स्वतःच सावरतो. हुक आसाच्या वर असेल तर हे संरक्षण उरत नाही. तोंड उचलल्यापासून पालथे होईपर्यंत सुमारे दीड सेकंद लागतो आणि मागे फिरण्याची संधी जेमतेम पाऊण सेकंदाची असते. क्लच दाबावा हे सुचेपर्यंत वेळ संपलेली असते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना चालकरक्षक चौकट सक्तीची केली ती याच अनुभवामुळे. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांना अशी चौकट नसते.

मग ते वरचे कडे कशासाठी आहे, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाच्या कामात सापडते. १९२० च्या दशकात त्याने नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडण्याची पद्धत सिद्ध केली : खाली दोन हात आणि वर एक. खालचे हात नांगराला ओढतात; नांगर मातीत अडला की तो वरच्या हातातून ट्रॅक्टरला पुढे दाबतो, आणि त्यामुळे तोंड उचलले जाण्याऐवजी खाली दाबले जाते. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्याचे पाच लाखांहून अधिक लहान करड्या रंगाचे ट्रॅक्टर तयार झाले, आणि हीच जोडणी पुढे जगभर रूढ झाली. आपल्या देशात १९५९ मध्ये आयशरचा, नंतरच्या दशकात महिंद्राचा व मद्रासच्या टॅफेचा आणि १९७१ मध्ये पिंजोरहून एचएमटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. अशा ट्रॅक्टरांवर दिसणारे वरचे कडे हे दाब सोसण्यासाठी आहे. त्याला साखळी बांधणे म्हणजे ज्या उपायाने अपघात टळावयाचा, तोच उपाय उलटा करून अपघाताला बोलावणे होय.

हाच फर्ग्युसन ट्रॉलीच्या बाबतीतही शहाणा होता. त्याने ट्रॉलीची चाके बरीच मागे ठेवली, म्हणजे मालाचा काही भार मुद्दाम ट्रॅक्टरवर यावा; पण तो घेणारा हुक आसाच्या अगदी जवळ आणि खाली बसविला. त्यामुळे मागच्या चाकांची पकड वाढे, पण तोंड फारसे उचलले जात नसे. जागा चुकली की तोच भार वैरी होतो.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय दिसते? जुन्या ट्रॅक्टरला ठरलेला ड्रॉबार नसला किंवा हरवला असला, तर खालच्या दोन हातांमध्ये भोके पाडलेली एक आडवी पट्टी टाकतात आणि तिच्यावर हुक बसवितात. हलक्या कामाला हे चालते. पण दोन पथ्ये पाळावी लागतात. हे हात हायड्रॉलिकने वरखाली होतात, म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांपासून वर पक्क्या ताणपट्ट्या लावून तिची उंची कायम केली पाहिजे. अन्यथा कोणाचा हात चुकून लिव्हरला लागला की हुक वर जातो. दुसरे, पट्टीची गोल टोके हातांच्या भोकांत फिरतात; तिला फिरण्यापासून रोखले नाही तर वर बसविलेला हुक ऐन वेळी कलंडतो. या टोकांची मापे ठरलेली असतात. मध्यम ट्रॅक्टरांत खालच्या हातांची पिन २२ मिलिमीटरची आणि वरची १९ ची. अगदी लहान ट्रॅक्टरांत सुमारे १६ मिलिमीटरची. सोळाची पिन बावीसच्या भोकात घालून भागविणारे मी पाहिले आहेत. भागते, पण भोक दर फेरीला मोठे होत जाते.

अलीकडे होडीच्या किंवा जनरेटरच्या हलक्या ट्रेलरसाठी गोळ्याची जोडणी, म्हणजे टो बॉल, बसवून मागणारे शेतकरीही भेटतात. गोळा आणि त्यावर बसणारी वाटी यांत खडखडाट होत नाही, हा त्याचा गुण. मात्र गोळे एका मापाचे नसतात. युरोपीय माप ५० मिलिमीटर, अमेरिकी दोन इंच म्हणजे ५०.८, आणि जुने पावणेदोन-दोनच्या मधले १ ७/८ इंच म्हणजे सुमारे ४७.६. हा शेवटचा गोळा पन्नासच्या वाटीत सहज बसतो, आणि खड्ड्यात तितक्याच सहज निसटतो. गोळ्यावर माप व भारक्षमता कोरलेली असते. कोरलेले नसेल तर घेऊ नये. आणि हेही सांगतो, की मेरेवरून, चोंढ्यातून, एक चाक वर एक चाक खाली अशा वाटेने जड ट्रॉली न्यावयाची असेल तर गोळा हे साधन नव्हेच. वाटी ठरावीक कोनापर्यंतच कलते. पुढे ती गोळ्यावरून उचकटते. तेथे आपली जुनी दुहेरी पट्टी, कडे आणि उभी पिन हीच बरी. तिचा खडखडाट ऐकू येतो, ही काही उणीव नव्हे.

पिन म्हणून बांधकामाच्या सळईचा तुकडा घालण्याची चाल आमच्या डिचोली-पेडण्यात सर्वत्र आहे. सळई वाकते, आणि खाली खटका नसल्यामुळे उडूनही जाते. दुसरी चाल वेल्डिंगची. जुन्या ट्रॅक्टरचे मागचे कवच बिडाचे असते. त्यावर हुक डकविला तर डाक दिसतो सुंदर, पण शेजारचे बीड तडकते. मिस्त्री कितीही कुशल असला तरी त्याला हे काम सांगू नये. हुक बोल्टांनीच, कारखान्याने दिलेल्या भोकांतच बसवावा.

आता चिऱ्यांची ट्रॉली. एक चिरा पंचवीस-तीस किलोंचा धरला तर शंभर चिरे म्हणजे अडीच ते तीन टन. लहान ट्रॅक्टरला हे मुळातच अति. कमी घेतले तरी भरताना गडी सोयीसाठी पुढून रचीत जातात आणि उतरविताना मागून काढतात. परिणामी, निम्मी ट्रॉली रिकामी होते तेव्हा उरलेला सगळा भार दांडीवर असतो. त्या अवस्थेत चढावर ट्रॅक्टर थोडा पुढे घे, असे कोणीतरी म्हणतो, आणि तोंड उचलले जाते. पुढून आधी काढले तर उलट, गाडी उलाळ होते आणि मागच्या चाकांची पकड सुटते. म्हणून मध्यावर, आसाच्या दोन्ही बाजूंनी, थोडे पुढे झुकते असे भरावे आणि तसेच उतरवावे.

उताराचे दुखणे वेगळे. लहान ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही दोन निराळ्या पायपट्ट्यांचे. शेतात वळण्यासाठी त्या निराळ्या असतात. रस्त्यावर आल्यावर खटक्याने एकत्र केल्या नाहीत तर एकच चाक अडते आणि बिनब्रेकची ट्रॉली मागून ढकलून ट्रॅक्टरला आडवा करते. उतार लागण्यापूर्वीच खालचा गियर घ्यावा; न्यूट्रलमध्ये उतरणे म्हणजे आत्मघात. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याच्या रस्त्यांवर वेगवान गाड्यांची वर्दळ आहे. ट्रॉलीमागे लाल परावर्तक पट्ट्या नसतील तर काळोखात ती मागच्या मोटारीला दिसतच नाही.

अण्णा आज हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव तोच ट्रॅक्टर दुरुस्त करून वापरतात. वरच्या कड्याला त्यांनी लाल रंग फासला आहे, आणि ट्रॉली भरून झाली की जोडण्यापूर्वी दांडी हाताने उचलून पाहतात. मागच्या वैशाखात मी गेलो असताना त्यांचा मुलगा, इयत्ता आठवीतला, ती उचलून पाहत होता. "आजोबा, जड लागते," तो म्हणाला. मग दोघांनी मिळून शेणखताची चार घमेली मागे सरकविली, आणि पिन घालून खालून खटका लावला.