शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

स्मृतिभ्रंशाचा विकार जडतो एकाला. पण त्याची झळ पोचते ती साऱ्या घराला, आणि त्यातही विशेषेकरून एकाच व्यक्तीला. चेन्नईतील घर असो वा सोलापुरातील, सासूबाई मध्यरात्री उठून ‘माझे घर कोठे आहे?’ असे विचारीत दाराची कडी काढू लागल्या, म्हणजे जागे होते ते बहुधा सुनेलाच. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यामागे जागणाऱ्यांची गणती मात्र क्वचितच होते.

हे जागरण केवळ मनाला शिणवून थांबत नाही. चिंता उत्पन्न झाली की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींना इशारा देते आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात मिसळते. संकट घडीभराचे असेल तर ते उपकारकच होय. पण वर्षानुवर्षे ही घंटा वाजत राहिली, तर शरीराची प्रतिकारशक्तीच खचते. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो येथे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर एक बारीकशी जखम करण्यात आली. तशीच जखम इतर १३ स्त्रियांनाही केली होती. सेवा करणाऱ्यांची जखम भरून येण्यास सरासरी नऊ दिवस अधिक लागले.

मग या संप्रेरकावर उतारा म्हणून दुसरे संप्रेरक देता येईल काय? या संदर्भात ऑक्सिटोसिनचे नाव पुढे येते. बाळ स्तनाला लागताच आईला जो पान्हा फुटतो, तो याच संप्रेरकामुळे. प्रसूतीच्या कळांनाही त्याचेच बळ असते. १९०६ साली हेन्री डेल यांनी पोष ग्रंथीच्या अर्काचा गर्भाशयावरील परिणाम दाखविला. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पोटात घेतल्यास हे द्रव्य पचून जाते, म्हणून संशोधक ते नाकात फवारतात.

परंतु आशा ही पुरावा नव्हे. २००५ साली झुरिच येथील एका प्रयोगात या फवाऱ्याने परक्याविषयीचा विश्वास वाढतो असे आढळले आणि मोठा गाजावाजा झाला; २०२० साली तोच प्रयोग अधिक लोकांवर करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणूनच येथे कसोटी कडक हवी. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावयाचे. एकाला औषध, दुसऱ्याला तसेच दिसणारे निरुपद्रवी पाणी. आणि कोणाला काय दिले हे देणारालाही ठाऊक नसावे, घेणारालाही नसावे. कारण थकलेल्या सुनेकडे आठवड्यातून एकदा कोणी येऊन ‘तुम्हांला झोप लागते का?’ एवढे आस्थेने विचारले, तरी तिचे मन हलके होते. तो गुण औषधाच्या खाती जमा होता कामा नये.

आणि हा गुण थोडाथोडका नव्हे. गोव्यात ८१ कुटुंबांची अशीच चिठ्ठ्या टाकून विभागणी करण्यात आली. औषधाऐवजी तेथे प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरोघर गेले. त्यांनी विकार समजावून सांगितला, रुग्णाचा हट्ट कसा हाताळावा ते शिकविले, मन मोकळे करू दिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांत सेवा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि त्यांचा त्रास कमी झाला. चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांच्या पुढाकाराने १९८४ साली स्थापन झालेल्या ‘स्कार्फ’ या मानसिक आरोग्याच्या संस्थेनेही स्मृतिभ्रंशाचे काम हाती घेताना रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचा विचार केला.

उद्या एखादा फवारा कसोटीला उतरला, तर त्याचे स्वागतच व्हावे. पण त्याने रात्रीची कडी आपोआप लागणार नाही. ती लावण्यास दुसरा हात पुढे आला, म्हणजे त्या सुनेला एक रात्र निवांत झोप मिळेल. आणि झोप हे कॉर्टिसॉलवरील फार जुने औषध आहे.